लिलावातली १९५७ ची एमजीए: पाटी, पत्रा आणि कागद कसे ताडून पाहायचे?

सायनकर | गुरुवार, रात्री ११:१०

मंडळी, सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहितो.

मुंबईतल्या एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये १९५७ ची एमजीए १५०० ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आली आहे. लाल रंग, उजव्या हाताचं स्टेअरिंग, 'बीएम'ने सुरू होणारा मुंबईचा जुना नंबर. वर्णनात तीन दावे आहेत. एक, 'मॅचिंग नंबर्स', म्हणजे कारखान्यातून निघतानाचंच इंजिन अजून गाडीत आहे. दोन, पहिल्या दिवसापासून मुंबईतल्या एकाच कुटुंबाकडे 'असल्याचं समजतं'. तीन, मद्रासजवळच्या शोलावरमच्या मोटारशर्यतीत धावली 'असं मानलं जातं'.

माझे बाबा बॅलार्ड पिअरला एका शिपिंग कंपनीत कारकून होते. ऑफिसच्या खाली कुणाची तरी एमजीए उभी असायची. संध्याकाळी बोरीबंदरकडे चालत जाताना ते पाच मिनिटं तिच्यापाशी थांबायचे. मालक कोण हे त्यांना कधी कळलं नाही, पण चाकांपासून बोनेटच्या जाळीपर्यंत सगळी गाडी त्यांना तोंडपाठ होती. बाबा आता नाहीत. कर्जतचा एक तुकडा विकून थोडे पैसे हाताशी आलेत आणि घरच्यांचीही हरकत नाही. शनिवारी प्रिव्ह्यू, म्हणजे लिलावाआधी गाडी बघायची वेळ आहे. तिथे नेमकं काय पाहू? कॅटलॉगवर किती विसंबू?

---

जुने_पाने | शुक्रवार, सकाळी ६:५०

सायनकर, बाबांबद्दलचं वाचलं. म्हणूनच सांगतो, शनिवारी गाडी बघायच्या आधी पाटी बघा. गाडी एकदा बघितलीत की पाटी बघायचं भान राहणार नाही.

बोनेट उघडल्यावर मागच्या बाजूला, हीटरच्या फळीवर चेसिस नंबरची पाटी असते. एमजीए १५०० चा नंबर दोन भागांत असतो. आधी तीन अक्षरं आणि दोन आकडे, मग पाच आकडी अनुक्रमांक. अनुक्रमांक १०१०१ पासून सुरू होतात. खरी गंमत सुरुवातीच्या त्या पाच खुणांत आहे. तिसरं अक्षर कारखान्यात दिलेल्या रंगाचं. 'ए' म्हणजे काळा, 'के' म्हणजे लाल. पुढचा पहिला आकडा गाडी कुठल्या बाजारासाठी बांधली ते सांगतो. १ म्हणजे इंग्लंडातच विकायची, २ म्हणजे उजव्या स्टेअरिंगची निर्यात, ३ म्हणजे डाव्या स्टेअरिंगची निर्यात, ४ म्हणजे उत्तर अमेरिका. आपल्याकडे नवी आलेली गाडी असेल तर तिथे काय असायला हवं ते तुम्हीच ताडा.

नुसता नंबर वाचून थांबू नका. पाटी कशी बसवली आहे ते बघा. साठ-सत्तर वर्षांच्या पाटीचे रिव्हेट आजूबाजूच्या पत्र्याइतकेच म्हातारे दिसतात. रंग जुना आणि रिव्हेट चकाकते असतील तर पाटी कधीतरी निघाली आहे. निघणं हा गुन्हा नव्हे. रंगकामाला काढतात, हरवतात, नवी करून लावतात. पण मग तसं सांगायला हवं.

आता इंजिन. ॲम्बेसेडरला १९५९ पासून बसलं ते १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीए १५०० चं इंजिन, दोन्ही एकाच घराण्यातली. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची (बीएमसी) बी-सिरीज, मापसुद्धा तेच १४८९. एमजीएला दोन एसयू कार्बोरेटर, ॲम्बेसेडरला एक, शिवाय आतली जुळवणी वेगळी. आयातीवर बंदी, पार्टला लायसन्स नाही, अशा काळात एमजीएचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, तडकला की मालक काय करणार? गिरगावातल्या आमच्या गॅरेजात मी स्वतः ॲम्बेसेडरचे ब्लॉक एमजीएत बसवले आहेत. त्याच दोन कार्बोरेटरवर गाडी पुन्हा बोलू लागायची आणि मालकाच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या कामाची मला लाज नाही. मात्र त्याच गाडीला आज कुणी 'मॅचिंग नंबर्स' म्हणून विकत असेल तर त्याचं मला फार वाईट वाटेल.

इंजिन नंबर ब्लॉकच्या उजव्या अंगाला, डायनॅमोच्या वर शोधा. तिथला पृष्ठभाग बाकी ब्लॉकसारखाच खरखरीत आहे का? एखादा चौकोन गुळगुळीत असेल तर तिथे ग्राइंडर फिरला आहे. बोट फिरवा, डोळ्यांआधी बोटाला कळतं.

पाटीचा फोटो मिळाला तर इथे टाका.

---

मालाड_वेस्ट | शुक्रवार, सकाळी ९:१५

एक भर घालतो. २६ जुलै २००५ ला गाडी कुठे उभी होती ते विचारा. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आमच्या कंपाउंडात छातीएवढं पाणी होतं. बुडालेल्या गाडीवर वरून कितीही सुंदर रंग चढवा, चेसिसच्या पोकळ्यांमध्ये गाळ राहतोच. एमजीएत पायांखाली लाकडाच्या फळ्या असतात. कार्पेट उचलून फळी बघा.

---

वकील_ठाणेकर | शुक्रवार, दुपारी २:३०

कायद्याचं थोडं लिहितो. हा सल्ला आपुलकीचा, फीचा नाही.

'समजतं', 'मानलं जातं' हे शब्द कॅटलॉगमध्ये फार विचार करून ठेवलेले असतात. १९३० च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टच्या कलम १५ प्रमाणे वर्णनावर विकलेली वस्तू वर्णनाशी जुळायला हवी. म्हणून 'मॅचिंग नंबर्स' हे ठाम विधान आणि 'मानलं जातं' ही ऐकीव गोष्ट, या दोहोंत कोर्टापुढे जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांतल्या अटी नक्की वाचा. 'जशी आहे तशी, जिथे आहे तिथे' हे कलम तिथे असणारच. हॅमर पडल्यावर वरचं कमिशन आणि कर धरून खरी किंमत किती होते तेही आधी काढून ठेवा.

दुसरा प्रश्न मालकीचा. कलम १४ नुसार विकणाऱ्याला विकायचा हक्क असलाच पाहिजे. मोठमोठ्या लिलावांतही इथेच घात होतो. १९३५ ची एक मर्सिडीज ५०० के २०११ साली कॅलिफोर्नियात लिलावात विकली गेली. पुढच्याच वर्षी जर्मनीत एसेनच्या प्रदर्शनात ती मांडली, तेव्हा दुसऱ्या महायुद्धानंतर ती मूळ कुटुंबाकडून चोरीला गेली होती या दाव्यावरून तिथल्या अधिकाऱ्यांनी ती जप्त केली. गाडी अस्सल होती. वाद फक्त तिच्या मालकीच्या साखळीतल्या एका कडीचा होता.

आपल्याकडे ही साखळी आरसी बुकात असते. स्मार्ट कार्ड दाखवलं तर समाधान मानू नका, त्यावर आजचा मालक दिसतो, मागचे दिसत नाहीत. जुन्या कागदी पुस्तकात प्रत्येक हस्तांतराचा शिक्का असायचा, त्याची निदान झेरॉक्स मागा. दुय्यम प्रत असेल तर ती कधी आणि का काढली ते विचारा. मूळ मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर गाडी फॉर्म ३१ ने आली आहे का, की कुणीतरी नुसत्याच सह्या केलेले २९-३० चे कोरे फॉर्म घेऊन फिरतंय, तेही बघा. बँकेचा बोजा उतरल्याची नोंद तपासा. कंटाळवाणं काम आहे, पण करा.

---

पुणेरी_पिस्टन | शुक्रवार, रात्री ८:०५

माझं मत थोडं वेगळं आहे. 'मॅचिंग नंबर्स'चा एवढा बाऊ का करायचा? शर्यतीच्या गाडीचं तर इंजिन दर मोसमाला बदलायचं.

बेंटलीच्या 'ओल्ड नंबर वन'चं उदाहरण घ्या. १९२९ आणि १९३० ला ल मान्सची शर्यत जिंकलेली स्पीड सिक्स. १९९० मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टात खटला चालला, कारण घेणाऱ्याचं म्हणणं होतं की हिच्यात मूळ गाडीचं जवळजवळ काहीच उरलेलं नाही. निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला. गाडी बदलत गेली, पण तिचा इतिहास अखंड होता. त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नव्हती. म्हणून हीच ती.

मग ॲम्बेसेडरचं इंजिन बसलेली एमजीए कमअस्सल कशी?

---

वकील_ठाणेकर | शुक्रवार, रात्री ९:२०

पिस्टन, निकाल बरोबर सांगितलात, पण त्यातला अर्धा भाग राहिला. न्यायमूर्तींनी 'ओरिजिनल' आणि 'ऑथेंटिक' हे शब्द वेगळे केले. गाडी मूळ रूपात नाही हे त्यांनी मान्यच केलं, तरी तिची ओळख अस्सल ठरवली. आणि ती ठरली कशावर? १९३० नंतर गाडीत कधी काय बदललं याचा माग लावता आला म्हणून. बदल लपवले असते तर त्या अखंडतेला पुरावाच उरला नसता.

---

ई_टाइप_प्रेमी | शुक्रवार, रात्री १०:००

दोन्ही मुद्दे पटले. माझ्या काकांच्या जॅग्वार ई-टाइपच्या निमित्ताने आम्ही हे सगळं केलं होतं. ई-टाइपच्या पाटीवर चेसिस, इंजिन, बॉडी, गिअरबॉक्स असे चारही नंबर असतात, आणि तेच नंबर त्या त्या भागावरही ठोकलेले असतात. चेसिस नंबर पुढच्या फ्रेमवर उजव्या शॉक ॲब्सॉर्बरच्या जागेवर. म्हणजे एक पाटी खोटी करून भागत नाही. पहिल्या सिरीजच्या ४.२ लिटरच्या गाडीत चेसिस नंबर '१ई'ने सुरू होतो. इंजिन नंबरच्या शेवटी तिरप्या रेघेनंतरचा ८ किंवा ९ हा कॉम्प्रेशन रेशो असतो. खोटा नंबर ठोकणाऱ्याला हा शेवटचा आकडा बरेचदा माहीत नसतो.

जिथे पैसा जास्त तिथे नक्कल जास्त. पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७, १९७३ ची, १५८० बनल्या. साध्या ९११ वर शेपटी लावून आरएस करणं तुलनेने सोपं, म्हणून त्या गाडीच्या मागे लोक कारखान्याचं कार्ड, इंजिनचा टाइप नंबर, गिअरबॉक्स असं सगळं खणतात. फेरारी तर स्वतःच जुन्या गाड्या तपासून प्रमाणपत्र देते. एमजीएच्या वाट्याला एवढी तपासणी येत नाही आणि त्यामुळेच साध्या चुका वर्षानुवर्षं तशाच राहून जातात.

---

वाचनवेडी | शुक्रवार, रात्री ११:४०

शोलावरमबद्दल लिहिते. शर्यतीचा दावा तपासायला सगळ्यात सोपा, पण तोच कुणी तपासत नाही. मद्रासजवळची ती जुनी धावपट्टी, तिथल्या शर्यतींच्या बातम्या त्या काळच्या इंग्रजी दैनिकांत आणि मोटारींच्या मासिकांत येत. मुंबईत टाउन हॉलमधल्या एशियाटिकच्या ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांचे संच आहेत. 'शोलावरमला धावली' एवढ्याने काही होत नाही. कुठल्या वर्षी, कुठल्या गटात, कोण चालवत होतं, हे तीन प्रश्न आधी विचारा. उत्तर आलं तर मी बसून शोधेन, मला त्या वाचनकक्षात वेळ घालवायला आवडतं. उत्तर नाही आलं तर दाव्यात पोकळी आहे असं समजा.

आणि कुटुंबाचे फोटो मागा. शर्यतीचे नसले तरी चालतील. लग्नाचे, सहलीचे, बाळाला बोनेटवर बसवलेले. नंबरप्लेट दिसली तर उत्तमच. नाही दिसली तरी मागची इमारत, दुकानाची पाटी, बसचा रंग यावरून काळ लावता येतो. एक सावधगिरी मात्र बाळगा. कृष्णधवल फोटोत लाल रंगही काळपट दिसू शकतो, त्यामुळे फोटोवरून रंग ठरवू नका.

---

सायनकर | शनिवार, संध्याकाळी ७:३०

जाऊन आलो. सगळं क्रमाने लिहितो, कारण डोकं भणभणतंय.

गाडी देखणी आहे. जुने_पाने काका, तुमचं ऐकलं आणि आधी पाटी पाहिली. फोटो काढू दिला नाही, पण वहीत उतरवून घेतलं. अक्षरं एचडीके, पुढे ४३, मग अनुक्रमांक. रिव्हेट नवे, पाटीवरचा छाप खोल आणि एकसारखा.

इंजिनजवळ ग्राइंडर फिरल्याची खूण मला दिसली नाही. पण नंबरची छोटी पट्टी आहे तीही नवी, आणि तिच्याभोवती ब्लॉकवर जुन्या रंगाचा एक मोठा चौकोन दिसतो, म्हणजे आधी तिथे वेगळ्या मापाचं काहीतरी असावं. कार्बोरेटर दोन आहेत.

माहीम-मालाड सगळीकडचा खारा वारा खाल्लेल्या गाडीच्या मानाने फळ्या चांगल्या. एक बदलली आहे, ते त्यांनी स्वतःहून सांगितलं.

आणखी एक गोष्ट. डॅशबोर्डखाली वाकून टॉर्च मारला तर आतल्या कोपऱ्यात, जिथे स्प्रे पोहोचत नाही, तिथे काळा रंग आहे. बोनेटच्या बिजागरीखालीही काळाच. प्रायमर वाटला नाही, तकाकी होती.

कागदांत फक्त स्मार्ट कार्ड. चेसिस नंबरच्या रकान्यात नुसते पाच आकडे, अक्षरं नाहीत. ते पाच आकडे पाटीवरच्या अनुक्रमांकाशी जुळतात. शोलावरमबद्दल तिथल्या माणसाला काहीच सांगता आलं नाही. जुन्या आरसीबद्दल 'मालकांना विचारतो' म्हणाले.

---

जुने_पाने | शनिवार, रात्री ८:१०

सायनकर, वही जपून ठेवा.

'के' म्हणजे लाल, '४' म्हणजे उत्तर अमेरिका. ती पाटी म्हणते की ही गाडी लाल रंगाची, डाव्या स्टेअरिंगची, अमेरिकेला गेलेली आहे. तुमच्यासमोरची गाडी उजव्या स्टेअरिंगची, आतून काळी, मुंबईच्या जुन्या नंबराची. दोघींची गाठ पडत नाही.

पण लगेच चोर म्हणू नका. अनुक्रमांक स्मार्ट कार्डाशी जुळतोय. मला वाटतं ते असं, की जुनी पाटी रंगकामात गेली. कुणीतरी कोरी पाटी मागवली आणि अनुक्रमांक आरसीवरून घेतला. सुरुवातीची अक्षरं आरसीत नव्हतीच, म्हणून ती कुठल्यातरी लाल एमजीएच्या फोटोवरून उतरवली. जगातले बहुतेक फोटो अमेरिकेतल्या गाड्यांचे, म्हणून ४३. हा माझा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

खरी अक्षरं काय असतील? आतला रंग काळा. म्हणजे तिसरं अक्षर 'ए' असायला हवं, आणि आकडा २ ने सुरू व्हायला हवा.

---

लेमिंग्टनवाला | शनिवार, रात्री ११:५५ (तुमच्याकडचे)

मी इंग्लंडात राहतो, गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम माझ्या घरापासून जवळ आहे. एमजीएच्या उत्पादनाच्या नोंदी तिथल्या अभिलेखागारात आहेत आणि ते त्यावरून हेरिटेज सर्टिफिकेट देतात. बांधणीची तारीख, कारखान्यातून रवाना झाल्याची तारीख, मूळ रंग, मूळ इंजिन नंबर आणि कुठल्या देशात पाठवली ते त्यात येतं. अनुक्रमांक सगळ्या रंगांना आणि बाजारांना मिळून एकच सलग चालतो, म्हणून अक्षरं चुकली असली तरी पाच आकड्यांवरून नोंद सापडायला हरकत नाही. अर्ज मालकांनीच केलेला बरा.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. ते प्रमाणपत्र नंबरचं असतं, गाडीचं नसतं. त्या नंबराची एक गाडी १९५७ ला अशी अशी बाहेर पडली, एवढंच ते सांगतं. तुमच्यासमोर उभी आहे ती तीच का, हे पत्रा, रंग, कागद आणि माणसं मिळून सांगणार. प्रमाणपत्र काढून ते कॅटलॉगमध्ये छापलं की लोक निर्धास्त होतात. तिथेच चूक होते.

---

पुणेरी_पिस्टन | रविवार, सकाळी १०:३०

मी आधी लिहिलेल्यात दुरुस्ती करतो. इंजिन बदललं यात मला अजूनही गैर वाटत नाही. पण बदललेल्या इंजिनावर मूळ नंबरची पट्टी लावणं म्हणजे पिस्टन बदलण्यासारखं नव्हे, ती गाडीची आठवण पुसणं झालं. वकीलसाहेब, तुमचा मुद्दा पटला.

एक व्यावहारिक प्रश्न. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी 'व्हीए' मालिकेची नोंदणी आली. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,०००. त्यात गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको, अशी अट आहे. ॲम्बेसेडरचा ब्लॉक असेल तर?

---

वकील_ठाणेकर | रविवार, दुपारी १२:१५

म्हणूनच घेण्याआधी हे स्पष्ट हवं. तपासणी समितीपुढे खोटी पट्टी गेली तर त्रास नव्या मालकाला होणार. आणि 'व्हीए' घेतल्यावर गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही, हेही सायनकरांनी लक्षात घ्यावं. जुनी नोंदणी चालू असेल तर ती तशीच ठेवायची की बदलायची, हा स्वतंत्र विचार आहे.

लिलाववाल्यांना लेखी पत्र द्या. आरोप करू नका, प्रश्न विचारा. 'पाटीवरचं ४३ आणि उजवं स्टेअरिंग यांची संगती कशी लावायची?' एवढं एक वाक्य पुरे. चांगलं लिलावघर असेल तर या प्रश्नाने त्यांचंही भलंच होतं.

---

सायनकर | पुढचा बुधवार, रात्री १०:४५

पत्र दिलं. दोन दिवसांनी फोन आला आणि त्यांनी मालकांची परवानगी घेऊन मला थेट भेटायला सांगितलं. हे मला अपेक्षित नव्हतं.

आज गावदेवीला जाऊन आलो. मालक म्हणजे ऐंशी उलटलेल्या एक आजी. मुलगा परदेशात असतो. गाडीचं सगळं एक ओळखीतला दलाल बघत होता. आजींनी चहा दिला आणि मी विचारायच्या आतच म्हणाल्या, "ह्यांनी ती एकसष्ट साली घेतली, एका इंग्रजाकडून. तो नोकरी सोडून मायदेशी चालला होता."

म्हणजे पहिल्या दिवसापासून एकच कुटुंब हे खरं नाही. आधी चार वर्षं दुसरा मालक होता. आजींनी हे कधीच लपवलं नव्हतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

शोलावरमचं विचारलं. म्हणाल्या, खंडाळ्याच्या पुढे गाडी कधी गेली नाही. घाटात तापायची, मग खोपोलीला थांबून पाणी घालायचं. शर्यतीचं कुठून आलं ते त्यांना ठाऊक नाही.

मग त्यांनी लोखंडी कपाटातून एक पिशवी काढली. त्यात जुन्या आरसी बुकाची झेरॉक्स होती, पानं पूर्ण. इंग्रज साहेबाचं नाव, मग आजींच्या यजमानांचं. रंगाच्या रकान्यात 'काळा', खाली नंतरच्या तारखेला 'लाल' अशी दुरुस्ती आणि शिक्का. आणि १९७४ च्या पानावर इंजिन बदलल्याची नोंद, नव्या नंबरासह, आरटीओच्या सहीने. ब्लॉक तडकला होता. आजींना तो पावसाळा आठवतो, कारण गाडी दोन महिने गॅरेजात होती आणि त्यांची धाकटी मुलगी त्याच सुमारास झाली.

पिशवीत कस्टमचा एक पिवळा पडलेला कागदही होता, घड्या तुटलेल्या. चेसिस नंबर पूर्ण लिहिलेला. एचडीए, २३, आणि तेच पाच आकडे.

जुने_पाने काका, मी तो कागद हातात धरून बराच वेळ बसून राहिलो. तुम्ही न बघता सांगितलं होतंत.

---

जुने_पाने | बुधवार, रात्री ११:२०

मी काही सांगितलं नाही. डॅशबोर्डखाली वाकून बघितलंत तुम्ही.

१९७४ ची नोंद केलेली आहे हे वाचून फार बरं वाटलं. त्या काळी पुष्कळ जण करत नसत. आजींच्या यजमानांनी इंजिन बदललं आणि सरकारी पुस्तकात तसं लिहून घेतलं. पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी त्यावर खोटी पट्टी लावली. आता ती पट्टी काढून टाकायला सांगा.

---

वाचनवेडी | गुरुवार, सकाळी ८:००

त्या पिशवीचं स्कॅनिंग आधी करा, कृपया. घडीवर तुटलेला कागद पुन्हा पुन्हा उघडू नका. सपाट करून, आम्लविरहित कागदात ठेवून, मग स्कॅन. टेप अजिबात लावू नका. आजींची हरकत नसेल तर मी येऊन करून देते. त्या जे सांगतात तेही तारखेसह लिहून घ्या आणि त्यांची सही घ्या. घाट, खोपोलीचं पाणी, मुलीचा जन्म, सगळं. शर्यतीच्या खोट्या गोष्टीपेक्षा हे मोलाचं आहे.

---

लेमिंग्टनवाला | गुरुवार, दुपारी ४:३० (तुमच्याकडचे)

आजींच्या नावाने अर्ज पाठवा, टपालाचं मी बघतो. नोंदीत काळा रंग, उजवं स्टेअरिंग आणि मुंबईकडे रवानगी आली तर कस्टमच्या कागदाला कारखान्याची जोड मिळेल. मूळ इंजिनाचा नंबरही कळेल. तो ब्लॉक आता कुठे असेल कोण जाणे, पण नंबर तरी आजींना कळू दे.

---

मालाड_वेस्ट | गुरुवार, संध्याकाळी ६:१०

मग बोली लावणार का?

---

सायनकर | शुक्रवार, रात्री ९:३०

या लिलावात नाही. लिलाववाल्यांनी लॉट मागे घेतला. वर्णन नव्याने लिहून, १९७४ ची नोंद आणि आधीचा मालक छापून, पुढच्या वेळी ठेवू म्हणाले. किंमत खाली येईल असंही म्हणाले. दलाल नाराज आहे. आजी नाहीत. त्यांना फक्त यजमानांच्या गाडीबद्दल खोटं छापलं गेलं याचं वाईट वाटलं. "ते असते तर संतापले असते," म्हणाल्या.

पुढच्या वेळी बोली लावेन, माझ्या ऐपतीत बसली तर. नाही बसली तरी आता ती गाडी नीट ओळखीची झाली आहे.

आजींनी रविवारी सकाळी दहाला बोलावलं आहे. खोटी पाटी आणि इंजिनावरची पट्टी काढायची आहे आणि खालचा खरा इंजिन नंबर १९७४ च्या नोंदीशी ताडायचा आहे. काका, तुम्ही डोंबिवलीहून याल का? दादरला घ्यायला येतो. वाचनवेडीताई, स्कॅनरला प्लगची जागा आहे, पाहून ठेवली.

---

जुने_पाने | शुक्रवार, रात्री ९:४५

सात पन्नासची फास्ट पकडतो. येताना पातळ कागद आणि मऊ पेन्सिल घ्या, नंबरचा ठसा उतरवून घेऊ. रिव्हेट काढायचं ड्रिल माझ्याकडे आहे.